अथाबास्का हिमनदीवर पहिल्यांदा चालायला जाताना

कॅनडातल्या कॅल्गरी-एडमंटनकडच्या मराठी घरांत उन्हाळा आला की आई-बाबा येतात. बॅन्फ होतं, लेक लुईस होतं आणि मग पुढचा प्रश्न येतो, ‘ती बर्फाची नदी आहे ना, तिच्यावर आपल्याला जाता येईल का?’ येईल. साठी ओलांडलेल्यांनाही येईल, आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही येईल. फक्त तयारी नीट हवी. बहुतेकांची तयारी चुकते ती कपड्यांत. दम किती लागेल याची सगळे काळजी करतात, पण त्रास होतो तो थंडीचा, आणि तोही चालताना नाही, उभं राहिल्यावर.

जागा कुठे आहे

लेक लुईस ते जॅस्पर या २३२ किलोमीटरच्या रस्त्याचं नाव आइसफील्ड्स पार्कवे, महामार्ग क्रमांक ९३. या रस्त्यावर, जॅस्परच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर ही हिमनदी आहे. रस्त्यावरूनच दिसते, शोधावी लागत नाही. कॅल्गरीहून अंतर साधारण ३१० किलोमीटर, म्हणजे न थांबता साडेतीन तास. पण या रस्त्यावर न थांबता कोणी जात नाही. बो लेक आहे, पेटो लेक आहे, त्यामुळे पाच तास धरूनच निघा.

गाडीची टाकी लेक लुईसला किंवा जॅस्परला भरून घ्या. मध्ये सस्कॅचवन रिव्हर क्रॉसिंगला पंप आहे, पण तो हंगामापुरताच चालतो आणि महाग असतो. मोबाइलला रेंज बहुतेक रस्ताभर नाही. नकाशा, तिकीट, भेटीच्या जागेची माहिती असलेला ई-मेल हे सगळं घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. वाटेत ‘जरा बघतो आणि सांगतो’ चालणार नाही. राष्ट्रीय उद्यानाचा पास टूरच्या तिकिटात धरलेला नसतो, तो वेगळा लागतो. त्या वर्षीचे नियम पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

हिमनदीसमोरचं आइसफील्ड सेंटर हे पर्यटक केंद्र जवळजवळ २००० मीटर उंचीवर आहे. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. म्हणजे इथे गाडीतून उतरता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेच्या वर असता. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. मात्र हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

बसने की पायी?

दोन प्रकार आहेत आणि ते अगदी वेगळे आहेत. घरात यावरून वाद होतोच, म्हणून आधीच ठरवा.

पहिला प्रकार म्हणजे मोठ्या चाकांची गाडी. सेंटरवरून साध्या बसने पलीकडे नेतात, तिथून आइस एक्सप्लोरर नावाच्या सहा चाकांच्या गाडीत बसवतात. ती हिमोढाच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाच्या, तीव्र उतारावरून थेट बर्फावर उतरते. बर्फावर एक आखलेला तुकडा असतो, तिथे वीसेक मिनिटं फिरायचं, फोटो काढायचे, परत बसायचं. गुडघे दुखणारे आजी-आजोबा, लहान मूल घेऊन आलेले आई-वडील यांच्यासाठी हे योग्य आहे. २०२० च्या जुलैमध्ये यातली एक गाडी हिमोढाच्या उतारावर उलटली आणि तीन प्रवाशांचा मृत्यू झाला. गाडीत सीटबेल्ट बांधायला सांगतात, ते त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका.

दुसरा प्रकार म्हणजे गाइडसोबत पायी. आठ-दहा जणांचा गट, बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या धातूच्या टोकांचा सांगाडा, लावून तीन तासांपासून अर्ध्या दिवसापर्यंत चालायचं. माझं मत विचाराल तर, ज्याला तासभर चढ-उतारावर चालता येतं त्याने पायीच जावं. बसमधून उतरलेला माणूस बर्फावर उभा राहतो, पण हिमनदी काय प्रकरण आहे हे त्याला कळत नाही. भेगा, पाण्याचे झरे, बर्फाच्या आतला निळा रंग हे सगळं त्या आखलेल्या तुकड्याच्या बाहेर असतं. घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर सरळ दोन गट करा. आजोबांना ओढत पायी नेण्यात अर्थ नाही आणि त्यांच्यासाठी तरुणांनी बसमध्ये बसण्यातही नाही.

पायी जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गुडघ्यांची परीक्षा बर्फावर होत नाही, बर्फापर्यंत पोचताना होते. पार्किंगपासून बर्फाच्या कडेपर्यंत सैल दगडगोट्यांचा हिमोढ आहे. शाळेच्या भूगोलात पार्श्व हिमोढ, अंत्य हिमोढ पाठ केले असतील, ते हेच. राजगड-तोरण्याच्या घसाऱ्याची सवय असलेल्याला हे काहीच नाही. सपाट फुटपाथवर चालणाऱ्याला मात्र काठी लागेल. टूरवाल्यांकडे पोल असतात, लाज न बाळगता मागून घ्या.

कधी जायचं आणि तिकीट

पायी टूर साधारण मे-अखेर ते सप्टेंबर-ऑक्टोबर चालतात. मे-जूनमध्ये बर्फावर हिवाळ्याचा हिम साचलेला असतो. सगळं पांढरं दिसतं, भेगा झाकलेल्या असतात, त्यामुळे गाइड जपून आणि ठराविक वाटेनेच नेतात. जुलैच्या मध्यानंतर वरचा हिम वितळतो आणि खरा, जुना, कडक बर्फ उघडा पडतो. जुलै-अखेर ते सप्टेंबरचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. त्यातही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला आवडतो, कारण गर्दी ओसरलेली असते.

ऑगस्टमध्ये एक अडचण येऊ शकते, धुराची. आजूबाजूच्या जंगलांत वणवे लागले की आठवडाभर डोंगर दिसत नाहीत. २०२४ च्या जुलैत तर जॅस्पर गावाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग वणव्यात जळाला. निघायच्या आदल्या दिवशी हवेची गुणवत्ता आणि रस्ते बंद-चालू आहेत का, हे बघाच. दमा असलेल्यांनी तर हमखास.

तिकीट काढताना रद्द करण्याचे नियम वाचा. पाऊस पडला म्हणून टूर रद्द होत नाही, विजा चमकू लागल्या तर होते किंवा पुढे ढकलली जाते. गाइडची पात्रता विचारा. कॅनडात असोसिएशन ऑफ कॅनेडियन माउंटन गाइड्स या संस्थेचं प्रमाणपत्र हा भरवशाचा मापदंड आहे. वयाची खालची अट प्रत्येक टूरला वेगळी असते. मुलांचं वय खोटं सांगू नका, क्रॅम्पॉन आणि बूट मापाचे मिळाले नाहीत तर मूल तिथूनच परत जाईल आणि रडून गोंधळ घालेल ते वेगळं.

सही करायला एक लांबलचक कागद येईल. त्यात अपघात झाल्यास कंपनीवर दावा करणार नाही असं लिहिलेलं असतं. इथे जवळजवळ प्रत्येक साहसी टूरला तो असतोच, पण वाचून सही करा. इंग्रजी नीट न वाचणाऱ्या आईवडिलांना तो समजावून सांगणं ही तुमची जबाबदारी. भारतातून आलेल्यांच्या प्रवास विम्यात हिमनदीवरचं चालणं बसतं की नाही, हेही तेव्हाच तपासा. कॅनडात पाहुण्यांना दवाखान्याचा खर्च खिशातून करावा लागतो आणि तो परवडणारा नसतो.

शक्यतो सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर डोंगरात ढग दाटतात. पण कॅल्गरीहून पहाटे निघून सकाळची टूर गाठण्याचा हट्ट नको. आदल्या रात्री जॅस्परला किंवा लेक लुईसला मुक्काम करा. सेंटरच्या इमारतीतही वरच्या मजल्यावर खोल्या आहेत, फक्त त्या लवकर भरतात. भेटीची जागाही नीट वाचा. सेंटर महामार्गाच्या एका बाजूला आणि हिमनदीच्या पायथ्याचं पार्किंग दुसऱ्या बाजूला आहे. चुकीच्या बाजूला उभे राहून गट निघून गेल्याचे प्रसंग घडतात.

कपडे: इथे कंजुषी नको

जुलैत सेंटरच्या पार्किंगमध्ये पंधरा अंश असतील, लोक टी-शर्टवर फिरत असतील. त्यांच्याकडे बघून जॅकेट गाडीत ठेवू नका. बर्फावरची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली वाहू लागते. त्यामुळे निरभ्र दिवशीही हिमनदीवर समोरून वारा येत असतो. चालताना अंग तापतं, पण या टूरमध्ये गाइड दर पाच-दहा मिनिटांनी थांबून काहीतरी दाखवतो, समजावतो. तेव्हा तुम्ही बर्फावर, वाऱ्यात, स्थिर उभे असता. कुडकुडणं सुरू होतं ते तेव्हा.

म्हणून थर घाला. आत अंगाला चिकटून बसणारा लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस किंवा घरचा लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. सुती काही नको. सुती बनियन घामाने भिजलं की सुकत नाही आणि पाठ गार पडते. जीन्सही नको, ती ओली झाली की पायाला लोढणं होते. पावसाळ्यात ट्रेकला नेता ती रेनपँट इथे उत्तम चालते.

आई-मावशीसाठी खास सूचना. सलवार, पलाझो, साडी यांपैकी काहीही बर्फावर नको. क्रॅम्पॉनच्या टोकांत कापडाचा घेर अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. ट्रॅकपँट घाला, तीही खाली मोकळी असेल तर मोज्यात खोचा. फोटोसाठी साडी हवीच असेल तर सेंटरच्या गच्चीतून मागे हिमनदी फार सुरेख येते.

हातमोजे उन्हाळ्यातही हवेत. थंडीसाठी हवेतच, पण पडलात तर त्याहून जास्त उपयोगी पडतात. उन्हाळ्यातला उघडा बर्फ खरखरीत असतो, हाताची साल निघते. कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन घ्या. सनस्क्रीन लावताना हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला आणि कानांच्या पाळ्यांमागेही लावा. ऊन खालून, बर्फावरून परावर्तित होऊन येतं, आणि नाकाच्या खालचा भाग जळालेला माणूस पुढचे चार दिवस शिंकताना ओरडतो.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि तळवा टणक असलेले हवेत. तळवा मऊ असेल तर त्यावर क्रॅम्पॉन नीट बसत नाही, पायाखाली वळतो. तसे बूट नसतील तर विकत घेऊ नका. पायी टूरवाल्यांकडे बरेचदा बूट मिळतात, तिकीट काढतानाच माप कळवा.

पिशवीत काय

पाण्याची बाटली, थर्मासमध्ये चहा आणि खायला असं काहीतरी जे हातमोजे घालून खाता येईल. दशमी, तिळाची वडी, राजगिऱ्याचा लाडू चालेल. भेळ नको, वाऱ्यात उडून जाते आणि तो कचरा बर्फावरून परत येत नाही. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते. ड्रोन घरीच ठेवा, राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. आणि निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या. बर्फावर तशी सोय नाही, आडोसाही नाही.

क्रॅम्पॉन लावून चालणं

बर्फाच्या कडेला पोचलात की गाइड क्रॅम्पॉन लावून देतो. त्याआधी बुटाच्या नाड्या घट्ट करा, टाच आत हलता कामा नये. पट्ट्यांची मोकळी टोकं बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि खोचून ठेवा.

आता चाल बदलायची. पहिली गोष्ट, पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाका, नाहीतर एका पायाची टोकं दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये घुसतात. दुसरी, पाऊल सपाट टाका, म्हणजे खालची सगळी टोकं एकदम बर्फात रुततील. सह्याद्रीत फिरलेल्यांची इथेच गंमत होते. आपल्याला घसाऱ्यावर बुटाची कड रोवून, आडवं पाऊल टाकत उतरायची सवय असते. क्रॅम्पॉनवर कड रोवली तर फक्त एका बाजूची टोकं लागतात आणि पाय सुटतो. उतारावर घोटा वाकवा, तळवा बर्फाला समांतर ठेवा. उतरताना गुडघे वाकवून शरीर किंचित पुढे ठेवा. मागे रेलून उतरणाराच पडतो, कारण तो सगळा भार टाचेवर देतो.

सुरुवातीची दहा मिनिटं पाऊल उगाच जोरात आपटत चालाल. मग कानाला तो ‘खर्र’ आवाज सवयीचा होतो. टोकं बसली की आवाजावरूनच कळतं. आवाज घसरता आला, तर तो पाय पुन्हा टाका.

बर्फावर

गाइड पुढे, बाकीचे एका रांगेत मागे, आणि जिथे त्याने पाय ठेवला तिथेच आपण. तो काठीने बर्फ टोचत, वळणं घेत जातो. ती वळणं उगाच नसतात. हिमनदी स्थिर नाही, स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकत असते, मध्ये जास्त, कडेला कमी. खालच्या खडकाला जिथे उंचवटा येतो तिथे वरचा बर्फ ताणला जाऊन फाटतो आणि भेगा पडतात. अशा भेगा तीसेक मीटरपर्यंत खोल असू शकतात. वर हाताएवढी रुंद दिसणारी भेग आत अंधारात कुठे जाते, ते डोकावूनही दिसत नाही. डोकवायचं असेल तर गाइडला विचारा, तो धरून दाखवतो.

बर्फ निळा का, हे मुलं हमखास विचारतात. वर्षानुवर्षांच्या हिमाचे थर दाबले जाऊन त्यातली हवा निघून जाते आणि दाट बर्फ तयार होतो. हा दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा सोडतो. वरचा थर उन्हाने खडबडीत झालेला असतो म्हणून पांढरा दिसतो. भेगेच्या भिंतीत मात्र खरा रंग दिसतो.

वितळलेलं पाणी बर्फावर गुळगुळीत नाल्या करून वाहतं आणि एखाद्या गोल भोकात गडप होतं. त्या भोकापासून लांब राहा. तिथली कड चकचकीत, ओली आणि उतरती असते. बर्फात छोटी-छोटी उभी छिद्रंही दिसतील, तळाशी काळा गाळ असलेली. काळी धूळ ऊन जास्त शोषते आणि खालचा बर्फ वितळवत स्वतःच आत बुडत जाते. मुलांना गुडघ्यावर बसवून हे दाखवा, भेगेपेक्षा त्यांना याचंच जास्त नवल वाटतं. नाल्यातलं पाणी प्यायचा मोह होईल. गाइडने जागा दाखवली तरच बाटली भरा.

पायाखालचं हे पाणी सनवाप्टा नदीतून अथाबास्का नदीत आणि पुढे थेट आर्क्टिक महासागराकडे जातं. वरच्या कोलंबिया आइसफील्ड या बर्फाच्या पठारावर स्नो डोम नावाचं शिखर आहे. तिथून पाणी तीन दिशांना वाटलं जातं: आर्क्टिककडे, हडसन उपसागराकडे आणि पॅसिफिककडे. महाबळेश्वरी कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला निघते तसंच हे, फक्त एका समुद्राची भर. या पठाराचा विस्तार बाहेरच्या जगाला कळला तो १८९८ मध्ये. नॉर्मन कॉली आणि हर्मन वुली हे गिर्यारोहक शेजारच्या ३४९१ मीटरच्या माउंट अथाबास्कावर चढले आणि पलीकडे त्यांना सगळीकडे बर्फच बर्फ दिसला.

फोटोसाठी रांग सोडू नका. ‘दोन पावलं मागे जा, सगळे येत नाहीत’ हे वाक्य हिमनदीवर उच्चारायचं नाही. गाइड स्वतःहून फोटोची जागा देतो, तिथे हवे तेवढे काढा.

दोरीच्या पलीकडे

पैसे वाचवायला काही जण पायथ्याच्या पायवाटेने स्वतःच जातात. ती पायवाट छान आहे. तिच्यावर सालांचे फलक आहेत, त्या-त्या वर्षी बर्फाची कड कुठवर होती ते सांगणारे. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आणि तिचा निम्म्याहून जास्त बर्फ गेला. फलक ओलांडत चालताना हे अंतर पायांना कळतं. पण पायवाट जिथे संपते तिथे दोरी आणि धोक्याच्या पाट्या आहेत. पलीकडे जाऊन भेगेत पडून माणसं मेली आहेत, त्यात लहान मूलही होतं. अरुंद भेगेत अडकलेला माणूस बचावपथक पोचेपर्यंत थंडीनेच जातो. चार परदेशी पर्यटक दोरी ओलांडून गेलेले दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. मुलांचा हात धरून ठेवा.

उतरल्यावर

क्रॅम्पॉन काढण्याआधी दगडांवर चालू नका, टोकं बोथट होतात आणि पाय मुरगळतो. गाइडला टीप द्यायची इथे रीत आहे, थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. ओले मोजे लगेच बदला, गाडीत एक कोरडा जोड ठेवलेला असू द्या.

परतीचा प्रवास अंधार पडायच्या आत करा. संध्याकाळी एल्क (मोठी हरणं) आणि अस्वलं रस्त्याच्या कडेला येतात. अस्वल दिसलं तर गाडीतून उतरू नका. उद्यानाच्या नियमानुसार अस्वलापासून १०० मीटर आणि एल्कपासून ३० मीटर अंतर ठेवावं लागतं. उरलेल्या दशम्यांचा डबा पार्किंगमधल्या बाकावर विसरू नका. आणि पेटो लेक सकाळी ढगात राहून गेला असेल, तर परतीच्या वाटेवर बो समिटला वळा. त्या तळ्याचा हिरवट निळा रंग हिमनदीने खडक दळून केलेल्या भुकटीमुळे आलेला असतो, आणि तशीच भुकटी तुमच्या बुटांना अजून चिकटलेली असेल.